बुधवारची बाई

दर बुधवारी सकाळी साडेनऊला लक्ष्मणराव पाठक पुंडलिकनगरातल्या घराला कुलूप लावत, स्कूटरच्या डिकीत फॉर्मचा गठ्ठा, पाण्याची बाटली आणि डबा ठेवत आणि पैठण रस्त्याला लागत. बाकीचे दिवस ते शहरातली घरं करत. लांबची घरं मुद्दाम बुधवारी ठेवलेली होती. बुधवारी चारला गल्लीत टँकर यायचा, आणि टँकरचा हॉर्न त्यांना ऐकवत नसे.

मानसोपचाराच्या एका खासगी दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं होतं. कागद हरवला नाही की खाडाखोड झाली नाही. निवृत्त झाल्यावर डॉक्टर चारुता देवळाणकरांनी त्यांना सोडलं नाही, संशोधनाच्या कामाला लावलं. काम उदासीच्या आजाराचं होतं. औषधाच्या जोडीला दर आठवड्याला कोणी घरी जाऊन बसलं, बोललं, माणसाला लहानसहान कामाला लावलं, तर आजार लवकर हटतो का, एवढंच बघायचं होतं. त्यासाठी एकशे वीस माणसं घेतली होती. साठ जणांकडे समुपदेशक जाणार. उरलेले साठ म्हणजे प्रतीक्षा गट. त्यांची औषधं चालू राहणार, पण घरी कोणी जाणार नाही. सहा महिने थांबायचं, मग त्यांची पाळी.

लक्ष्मणरावांचं काम सगळ्यांकडे महिन्यातून एकदा जायचं आणि सतरा प्रश्न विचारायचे. झोप लागते का, जेवण जातं का, कामात मन लागतं का, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं का. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज पंधराच्या वर गेली तर आजार, सातच्या खाली आली तर माणूस बरा. एक नियम मात्र कडक होता. कोण कुठल्या गटात आहे ते प्रश्न विचारणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर हात आपोआप इकडे तिकडे होतो. फॉर्मवर नावसुद्धा नसायचं, फक्त नंबर.

हा नियम लक्ष्मणरावांनी जिवापाड पाळला होता आणि तो पाळण्याच्या नादातच त्यांच्या हातून चूक झाली होती.

काम सुरू होण्याआधी एकशे वीस पाकिटं तयार करायची होती. पाकिटावर नंबर, आत गटाची चिठ्ठी, वरून चिकटवलेलं. माणूस आला की पुढचं पाकीट फोडायचं. कुठल्या नंबरात कुठली चिठ्ठी ते संगणकाने काढून दिलं होतं. हे काम ज्याचं होतं तो पोरगा लग्नाला म्हणून गेला तो पंधरा दिवस उगवला नाही. डॉक्टरबाईंना घाई होती. लक्ष्मणराव म्हणाले, मी करतो. घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की यादी आपण बघायची नाही. मग त्यांनी यादी बायकोच्या, दमयंतीच्या हातात दिली.

"मी तिकडे तोंड करून बसतो," ते म्हणाले. "तू चिठ्ठ्या भर आणि चिकटव. मला काही सांगू नकोस."

"अहो, पण चिठ्ठीवर 'प्रतीक्षा' म्हणजे काय?"

"त्यांनी सहा महिने थांबायचं."

"आणि तोवर त्यांच्याजवळ कोण बसणार?"

"कोणी नाही. म्हणून तर प्रतीक्षा."

दमयंती चिठ्ठ्या भरत राहिली. लक्ष्मणराव भिंतीकडे तोंड करून वाटाणे सोलत होते. मागून कणकेच्या खळीचा वास येत होता. मग ती म्हणाली, "आजारी आहात असं सांगायचं आणि वर म्हणायचं थांबा. हे काही बरं नाही बाई."

"शास्त्र आहे ते."

"असेल. रांग लावायला माझी हरकत नाही. पण रांगेतल्या माणसाकडे बघायला कोणीतरी पाहिजे."

रांगेतलं दमयंतीला कळत होतं. गल्लीत टँकरवर दर वेळी हाणामारी व्हायची, तेव्हा खडू घेऊन तीच पुढे झाली होती. बुधवारी सकाळी ज्याचा हंडा आधी येईल त्याच्यावर आधी नंबर. नंबरापुढे ती एक ठसठशीत टिंब द्यायची, वाक्य संपल्यासारखं. हंडा भरला की नंबरावर आडवी रेघ. स्वतःचा हंडा ती सगळ्यांच्या मागे ठेवायची. कितीदा तरी तिच्यापर्यंत येता येता टँकर खडखडायला लागायचा.

"खडू तुझा आणि शेवटचा नंबरही तुझाच?" लक्ष्मणराव चिडायचे.

"ज्याच्या हातात खडू त्याचा हंडा शेवटी," ती म्हणायची. "नाहीतर उद्या कोण ऐकेल माझं?"

पाकिटं पुरी झाल्यावर आठव्या दिवशी ती दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही.

महिन्याभराने लक्ष्मणराव कामावर आले. प्रश्न विचारायला शिकताना पहिला फॉर्म स्वतःवर भरून बघायचा असतो. त्यांनी भरला. बेरीज बावीस आली. डॉक्टरबाईंनी तो कागद बघितला आणि त्यांच्याकडे बघितलं. "रजा घ्या. औषधही सुरू करू," त्या म्हणाल्या. लक्ष्मणराव म्हणाले, गोळ्या नकोत, काम द्या. दर पंधरा दिवसांनी मला येऊन भेटायचं, या अटीवर त्यांनी काम दिलं. तो कागद लक्ष्मणरावांनी टाकला नाही. डिकीत सगळ्यात खाली ठेवला.

बिडकीनला केसरबाई राहायची. जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली, तिथं आता रुंद काळे रस्ते आणि लांबच लांब कुंपण झालं होतं. पैसा आला, तीन खोल्यांचं पक्कं घर झालं, मुलगा-सून पुण्याला गेले. पहिल्या भेटीला ती भिंतीला टेकून बसली होती. "घर नवं हाय साहेब, पर करू काय यात?" एवढंच बोलली. बेरीज तेवीस होती.

तिसऱ्या महिन्यात लक्ष्मणराव गेले तर दारात मिरच्या वाळत होत्या.

"या भाऊ, बसा. च्या घेता का? दूध हाय आज."

झोप? लागती. जेवण? दोन भाकरी. कामात मन? "मिरच्या बघा की! शेजारणीच्या बी वाळवून देते मी." बेरीज अकरा आली. लक्ष्मणरावांना बरं वाटलं. या माणसांपैकी कोणी सुधारलं की त्यांना दिवसभर बरं वाटायचं.

"तुमची ती बाई लई गुणाची हाय," केसरबाई म्हणाली.

"कोण, विशाखा? आमची समुपदेशक?"

"नाव नाय विचारलं. दर बुधवारी येती, चारच्या टायमाला, तुम्ही गेल्यावर. बसती, निवडटिपण करू लागती. पाणी मातर घेत न्हाय. म्हणती, दुष्काळाचं पाणी, तुमचं तुम्हाला राहू द्या. मी घरी जाऊन पिईन."

समुपदेशकाने कुणाचं खाऊ-पिऊ नये असा काही नियम नव्हता, पण सवय चांगली होती. लक्ष्मणराव उठले. निघताना त्यांचं लक्ष मोरीजवळच्या हंड्याकडे गेलं. हंड्यावर खडूने लिहिलं होतं, ३७, आणि पुढे ठसठशीत टिंब.

हातातल्या फॉर्मवर वर कोपऱ्यात नंबर होता. सदतीस.

हा नंबर दवाखान्याच्या कागदांवर असतो, माणसाला कधी सांगत नाहीत.

"हे कोणी लिहिलं?"

"बाईनंच की. पहिल्याच दिवशी. म्हणली, तुमचा नंबर लागलाय, आता घोर नाय."

परतीच्या वाटेवर लक्ष्मणरावांनी हिशोब मांडला. विशाखाने तिच्याजवळची यादी बघून नंबर घातला असेल. आणि टिंब? टिंब कोणीही देतं.

दुसऱ्या दिवशी गुलमंडीत काकासाहेबांकडे जायचं होतं. काकासाहेबांनी पन्नास वर्षं साड्या उलगडून दाखवल्या होत्या. मुलांनी जालना रोडला काचेचं दुकान टाकलं आणि जुनं बंद केलं, तेव्हापासून ते वरच्या मजल्यावर खुर्चीत बसून असत. आज खुर्ची रिकामी होती. ते खाली बंद फळीसमोर स्टूल टाकून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत होते.

"आओ आओ पाठकसाहेब! विचारा तुमचे सवाल. मरावंसं वाटतं का, तोच आधी विचारा. नाय वाटत. लिहा."

बेरीज दहा.

"कोणी येतं का भेटायला?" असा प्रश्न फॉर्मवर नव्हता. लक्ष्मणरावांनी तरी विचारला.

"तुमच्याच बाई येतात ना. बुधवारी चारला, घड्याळ लावून घ्या. मी म्हटलं, बाई, एक साडी दाखवतो, तर म्हणाल्या, दाखवा, घ्यायची नाही पण. तासभर दाखवल्या मी. हर एक को हाथ लगाके देखा." काकासाहेब हसले. "आमच्या म्हातारीनंसुद्धा एवढं कधी ऐकून घेतलं नाय माझं."

"चारला? बुधवारी?"

"हां. क्यूं?"

बिडकीन गुलमंडीपासून वीस-बावीस किलोमीटर आहे. लक्ष्मणरावांनी पाणी मागितलं. ते प्यायला माठाशी गेले. शेजारी पितळी हंडा होता. ८४. पुढे टिंब. त्यांच्या फॉर्मवर चौऱ्याऐंशीच होता.

दवाखान्यात विशाखा खरात जेवायला बसली होती. चुणचुणीत पोरगी, खोकडपुऱ्याहून सायकलवर यायची, सगळ्यांची चेष्टा करायची.

"विशाखा, बुधवारी चारला तू कुठं असतेस?"

"इथंच. मिटिंग असते की मॅडमची. का हो काका, जेवायला नेताय का कुठं?"

"मग बिडकीनला केसरबाईंकडे..."

"कोण केसरबाई? माझ्या यादीत नाहीत त्या. दुसरीच्या पण नाहीत. त्या तर प्रती..."

"सांगू नकोस!" लक्ष्मणरावांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. विशाखा घास हातात धरून बघत राहिली.

पण शब्द अर्धा झाला होता.

पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी नियम मोडला. प्रत्येक घरी गेल्यावर पाणी मागायचं आणि हंडा बघायचा. सिडकोतल्या फ्लॅटमध्ये, पडेगावच्या पत्र्याच्या खोलीत, चिकलठाण्याच्या शेतातल्या घरात. काही घरी हंड्यावर काही नव्हतं. तिथं विशाखा नाहीतर दुसरी समुपदेशक येत होती. बाकीच्या घरी खडूचा आकडा होता, आकड्यापुढे टिंब होतं आणि बुधवारी चारला एक बाई येत होती. मध्यम उंचीची, मोतिया रंगाची साडी, पदर खोचलेला. पाणी घेत नसे. घरी जाऊन पिईन म्हणे. आकडे असलेली घरं भरली साठ.

ते घाबरले नाहीत. याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. उलट स्कूटर चालवताना त्यांना गुणगुणायला व्हायचं. दुष्काळात सगळं शहर करपून गेलेलं, पाणी आठवड्यातून एकदा, झाडांवर धूळ. पण त्यांना सकाळी जाग यायची ती बरं वाटूनच यायची. भूक लागायची. घर झाडलेलं, नीटनेटकं वाटायचं. आपणच झाडलं असेल, त्यांना वाटायचं. डॉक्टरबाईंना ते पंधरवड्याला भेटत. "चेहरा सुधारलाय," त्या म्हणत.

एकच गोष्ट आत टोचत होती. साठ घरी जाते. परक्यांच्या साड्या बघते, परक्यांच्या मिरच्या निवडते. माझ्याकडे का येत नाही?

फेब्रुवारीत डॉक्टरबाईंनी बोलावून घेतलं. विशाखा शेजारी मान खाली घालून बसली होती.

"लक्ष्मणराव, आता लपवण्यात अर्थ नाही. प्रतीक्षा गट आपल्या गटाइतकाच सुधारलाय. सहा महिने कोणी गेलं नाही आणि माणसं बरी झाली. म्हणजे कोणीतरी जातंय. कोण?"

"एक बाई जातात म्हणे."

"कुठल्या संस्थेच्या?"

"ते माहीत नाही, मॅडम."

"या बुधवारी चोवीस आठवडे पुरे होतात. त्यांना भेटा. नाव घ्या. नाहीतर सगळे कागद बाद करावे लागतील. आणि त्यांना यादी कुठून मिळाली तेही विचारा."

"भेटतो," लक्ष्मणराव म्हणाले. यादीचं उत्तर त्यांच्याजवळ होतं. भेटायची मात्र त्यांना डॉक्टरबाईंपेक्षा जास्त घाई होती.

बुधवारी ते साडेतीनलाच बिडकीनला पोचले आणि केसरबाईच्या पुढच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. रस्ता समोर होता. ऊन पांढरं होतं. एक ट्रक धूळ उडवत कंपनीच्या फाटकाकडे गेला. केसरबाई मागच्या अंगणात शेंगा सोलायला बसली होती.

चार वाजले. रस्त्याने कोणी आलं नाही.

चार वाजून दहा मिनिटं.

मागच्या अंगणातून केसरबाईचं हसणं आलं. मग ती काहीतरी बोलली, थांबली, पुन्हा हसली. थांबली ती कोणाचं तरी ऐकायला थांबतात तशी.

लक्ष्मणराव उठले. मधल्या दोन खोल्या ओलांडायला त्यांना फार वेळ लागला असं नाही. पण अंगणात केसरबाई एकटीच होती. तिच्यासमोर पाट मांडलेला होता. पाटाशेजारी सोललेल्या शेंगांच्या टरफलांचे ढीग होते, दोन.

"आत्ता गेली बघा. मागल्या दारानं," केसरबाई म्हणाली. तिचे डोळे ओले होते, तोंड हसरं. "आज शेवटला दिस होता म्हणली."

मागच्या दाराबाहेर मोकळं रान होतं. लांबवर कुंपण, आणि मध्ये कोणी नाही.

हंड्यावरच्या ३७ वर आडवी रेघ ओढलेली होती.

"काही बोलली का? माझ्याबद्दल?"

"मी म्हणलं, तुमचे साहेब भाईर बसलेत, हाक मारू का. तर म्हणली, नगं. त्यांना म्हणावं, बुधवारचं घरी थांबत जा."

"आणखी?"

"म्हणली, सगळ्यांचे नंबर झाले, आता एकच राहिलाय. घरचा. चोवीस बुधवार जाते तिथं बी, पर माणूस कधी घावत न्हाय. दाराला कुलूप." केसरबाईने त्यांच्याकडे निरखून बघितलं. "भाऊ, तुम्ही बसता का जरा? पाणी देऊ?"

"नको," लक्ष्मणराव म्हणाले. "घरी जाऊन पितो."

पुंडलिकनगरात ते पावणेसहाला पोचले. टँकर येऊन गेला होता. गल्लीत ओल होती आणि रिकाम्या बादल्या घेऊन दोघी बायका अजून बोलत उभ्या होत्या.

दाराला कुलूप होतं. त्यांनीच सकाळी लावलेलं.

आत सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी पंखा लावला नाही. चपला काढून, फॉर्मची बॅग घेऊनच ते सरळ स्वयंपाकघरात गेले.

एकट्या माणसाला दोन बादल्या पुरतात, त्या शेजारणी दाराबाहेर भरून ठेवत. दमयंतीचा हंडा तिच्यामागे कोणी वापरला नव्हता. तो ओट्याखाली, मागे भिंतीला सरकवून ठेवलेला होता, रिकामा. ते गुडघ्यांवर बसले, हात लांब करून हंड्याचा काठ धरला आणि ओढला.

हंडा हलला नाही.

दोन्ही हातांनी ओढला, तेव्हा तो फरशीवर घासत पुढे आला आणि पाणी हिंदकळून त्यांच्या मनगटांवर सांडलं. गार होतं.

हंड्याच्या पोटावर खडूने लिहिलेलं होतं, १२१. पुढे टिंब. आणि आकड्यावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आडवी रेघ.

लक्ष्मणराव खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी बॅग जवळ ओढली, कोरा फॉर्म काढला आणि ओट्याला टेकून सतरा प्रश्न स्वतःला विचारले. एकही उत्तर खोटं दिलं नाही. झोप लागते. जेवण जातं. बेरीज चार आली. खालच्या मोकळ्या जागेत त्यांनी लिहिलं: 'पाकिटं घरी नेली, ही चूक माझी. प्रतीक्षेतलं कोणी एकटं नव्हतं.' सही केली. वर कोपऱ्यात नंबर घातला आणि सवय नसताना पुढे टिंब दिलं.

मग त्यांना तहान लागली. फुलपात्र घ्यायला त्यांनी ओट्यावर हात नेला. सकाळी त्यांनी एक फुलपात्र धुऊन फळीवर ठेवलं होतं, ते फळीवरच होतं, कोरडं.

दुसरं, दमयंतीचं, ओट्याच्या कडेला पालथं घातलेलं होतं. त्याच्या काठाला पाण्याचा एक थेंब जमला होता आणि तो अजून ओघळायचा होता.